काच हाताने खाली होऊ द्या

दिवाळी सरली की माजलगावच्या मोंढ्यात आणि जिनिंगच्या फाटकांवर छोट्या मालगाड्यांची रांग लागते. पात्रूड, दिंद्रूड, नित्रूड, तालखेड, टाकरवण, गंगामसला अशा गावांतून कापूस आणि सोयाबीन आणणारी गाडी कुठे छोटा हत्ती असते, कुठे पिकअप, कुठे तीनचाकी ॲपे. उन्हाळ्यात तिच्याच हौद्यात पाण्याची टाकी बसते, लग्नसराईत मंडपाचे खांब येतात, मृगाच्या तोंडावर खताची पोती. कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर आणि ट्रक सगळ्यांच्या नजरेत भरतात, पण तालुक्याचा रोजचा व्यवहार या छोट्या गाड्यांवर चालतो. त्यातल्या पुष्कळ येत्या काही वर्षांत विजेवर जाणार, याची मला खात्री आहे. त्या कशा असाव्यात हे मात्र आताच बोललं पाहिजे. माझं म्हणणं असं आहे की तालुक्याच्या गावाला लागणारी विजेची मालगाडी साधी असावी, तिच्यातली जमतील तेवढी कामं हाताने व्हावीत, तिचा हौदा मालकाच्या धंद्याप्रमाणे बदलता यावा आणि ती गावातल्या मिस्त्रीला उघडता यावी.

हे मागणं कुणाला मागासलेपणाचं वाटेल, म्हणून आधी अमेरिकेकडे पाहू. एप्रिल २०२५ मध्ये तिथे स्लेट नावाच्या नव्या कंपनीने विजेवरची एक छोटी पिकअप लोकांसमोर आणली. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांचा पैसा या कंपनीत आहे. गाडी दोन माणसांची. काचा हँडल फिरवून खाली-वर करायच्या. रेडिओ नाही, डॅशबोर्डच्या मधोमध मोठा स्क्रीन नाही. ज्याला गाणी ऐकायची, रस्ता शोधायचा, त्याने आपला मोबाइल लावावा. बॉडीला रंगही दिलेला नाही. करड्या रंगाच्या फायबरसारख्या पॅनेलवर मालकाने हवं ते रंगीत आवरण स्वतः चिकटवावं. कारखान्यातून गाडी एकाच रूपात बाहेर पडणार आणि बाकीचं सगळं नंतर जोडायचं. मागे सीट आणि छत बसवलं की तीच पाच जणांची गाडी होते.

या साधेपणामागे हिशेब आहे. रंगकामाचा विभाग नको आणि पत्रे दाबणारे अवाढव्य प्रेस नकोत, म्हणून कारखाना स्वस्तात उभा राहतो. मूळच्या ५२.७ युनिटच्या बॅटरीवर सुमारे २४० किलोमीटर जाण्याचा कंपनीचा दावा आहे. सरकारी सवलत धरून किंमत वीस हजार डॉलरच्या आत राहील असं आधी सांगितलं होतं. साडेसात हजार डॉलरची ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली आणि गाडी पंचवीस हजार डॉलरच्या आसपास गेली. गाड्या २०२६ च्या अखेरीस मिळू लागतील, असं कंपनीने जाहीर केलं होतं. तरीही घोषणा झाल्यावर थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक लोकांनी पन्नास-पन्नास डॉलर भरून नाव नोंदवलं. ज्या देशात नव्या गाडीची सरासरी किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात गेली आहे, तिथल्या सामान्य माणसाने काच फिरवायच्या हँडलला दिलेला हा कौल आहे.

हाताने चालणाऱ्या वस्तूंची ओढ केवळ जुन्या आठवणींतून येत नाही. स्वीडनमधल्या ‘वी बिलेगारे’ या वाहनविषयक मासिकाने २०२२ मध्ये एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगात चालकाने ठरावीक चार कामं करायची, उदाहरणार्थ रेडिओ लावणं, एसीचं तापमान बदलणं. बटणं आणि खटके असलेल्या २००५ सालच्या जुन्या व्होल्व्होत ती कामं दहा सेकंदांत झाली. सगळा कारभार स्क्रीनवर असलेल्या एका नव्या गाडीत त्याच कामांना जवळपास पंचेचाळीस सेकंद लागले. तेवढ्या वेळात ती गाडी तेराशे मीटरहून जास्त अंतर कापून गेली. बोटाला खटका न बघता सापडतो. स्क्रीनसाठी नजर रस्त्यावरून काढावीच लागते. गढीकडून पाथरीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर रात्री, पुढे उसाची ट्रॉली चालत असताना आणि तिच्या मागे लाल दिवा नसताना, नजर रस्त्यावरून काढणं किती महागात पडतं, हे इथल्या चालकाला सांगावं लागत नाही.

अमेरिकन नौदलालाही हा धडा मोठी किंमत मोजून मिळाला. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका आणि एक टँकर यांची टक्कर होऊन दहा नौसैनिकांचा बळी गेला. चौकशीत, नौकेचा वेग आणि दिशा सांभाळणारी टचस्क्रीनची गुंतागुंतीची रचना हे एक कारण ठरलं. त्यानंतर नौदलाने आपल्या विनाशिकांवर हाताने ओढायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांच्यासाठी प्रत्यक्ष बटण किंवा दांडा असण्याला गुण ठेवले आहेत. जग ज्याच्याकडे परत वळतं आहे, ते आपण नव्या गाडीच्या हौसेत फेकून देऊ नये.

आपल्याकडे तर साधी मालगाडी ही आयात केलेली कल्पना मुळीच नाही. टाटा एस मे २००५ मध्ये बाजारात आली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने आधी तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलून त्यांच्या गरजा समजून घेतल्या. चारचाकी असली तर गावात लग्न जमायला सोपं जाईल, असं त्यांतल्या एकाने सांगितल्याची हकिकत पुढे खूप गाजली. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं अर्धं करून ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन बनवलं गेलं आणि सुरुवातीची किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास ठेवता आली. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. देशभर वीस लाखांहून अधिक गाड्या खपल्या. त्यामागे किंमत होतीच, पण आणखी एक मोठी गोष्ट होती. ती गाडी कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजमध्ये उघडता येत होती. पाटा तुटला तर लोहाराकडे, फाळका वाकला तर वेल्डिंगवाल्याकडे, स्टार्टर गेला तर वायरमनकडे. भाडं बुडायचं ते एका दिवसाचं.

विजेच्या वाहनातही महाराष्ट्राने फार आधी हात घातला होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकातच विजेवरच्या रिक्षेवर काम सुरू केलं आणि अगदी साध्या रचनेच्या रिक्षा रस्त्यावर चालवून दाखवल्या. पुढे दिल्लीत आणि उत्तर भारतात ई-रिक्षांचा पूर आला. त्यांना रीतसर जागा देण्यासाठी २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्या रिक्षांत उणिवा पुष्कळ होत्या. ब्रेक कच्चे, बॅटऱ्या शिशाच्या, सांगाडा हलका. तरीही त्या गल्लोगल्ली पोहोचल्या, कारण गल्लीतला माणूस त्या दुरुस्त करू शकत होता. त्यांच्यातली साधी रचना आपण घ्यावी आणि उणिवा कडक नियमांनी दूर कराव्यात.

आता पैशाचा हिशेब मांडतो, कारण मालगाडी शेवटी हप्त्यावर घेतली जाते. जून २०२५ मध्ये टाटाने एस प्रो जाहीर केली. पेट्रोलची गाडी ३.९९ लाखांपासून आणि विजेची साडेसहा लाखांना. विजेच्या गाडीत १४.४ युनिटची बॅटरी, ७५० किलो वजन नेण्याची क्षमता आणि चाचणीतलं अंतर १५५ किलोमीटर. भरल्या गाडीला आपल्या रस्त्यांवर युनिटमागे सात-आठ किलोमीटरच धरू आणि युनिटला बारा रुपये धरू. तरी खर्च किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये येतो. पेट्रोलची गाडी लिटरला अठरा-वीस किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला पाच रुपयांच्या वर जातात. रोजचे ऐंशी किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर सात-आठ हजारांची बचत होते. किमतीतला अडीच लाखांचा फरक तीन वर्षांच्या आत निघतो. आपल्या धंद्याला अंतरही पुरतं. मोंढ्यापासून तालुक्यातलं कुठलंही गाव गाठून, माल उतरवून, दिवसातून दोन-तीन फेऱ्या होतात आणि गाडी रात्री घरी येते. गावठाणच्या फीडरवर रात्री घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती भरून निघते. छतावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल असतील, तर ते दिवसाला साधारण बारा युनिट देतात. म्हणजे जवळजवळ एवढ्या बॅटरीची भूक भागते.

इतकं सगळं जमत असताना माझा आग्रह साधेपणावर का? कारण विजेच्या गाडीत फायदा होतो तो चालण्यातून आणि तोटा होतो तो थांबण्यातून. कापसाच्या ऐन हंगामात, एखादा कंट्रोलर किंवा सेन्सर येईपर्यंत गाडी वीस दिवस उभी राहिली, तर बुडालेलं भाडं आणि तुटलेली गिऱ्हाइकं मिळून कित्येक महिन्यांची वीजबचत धुऊन निघते. हप्ता मात्र थांबत नाही. विजेच्या मोटारीत फिरणारे भाग कमी असतात. तिला तेल बदलायचं नसतं, क्लच नसतो, रेडिएटरची कटकट कमी. मूळ यंत्र इतकं सरळ असताना त्याभोवती कुलूपबंद सॉफ्टवेअर, मोठा स्क्रीन, विजेवर चालणारं दाराचं कुलूप आणि काचेची मोटार यांचं जाळं विणलं, तर या सरळपणाचा लाभ मालकापर्यंत पोहोचतच नाही. काच वर-खाली करणारी मोटार धुळीने अडकली, तर पावसात केबिन भिजते आणि गाडी कामावरून उठते. हँडल असेल तर फारतर दाराचं पॅनेल काढून दोरी आणि दातेरी चाक बदलायचं. हँडब्रेकचं तसंच. ओढायची दांडी आणि तार असली, तर ती सैल झाल्याचं चालकाच्या हाताला कळतं.

दुरुस्तीच्या हक्कावर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मोठा लढा दिला. ट्रॅक्टरमधला बिघाड ओळखायचं सॉफ्टवेअर कंपनीच्याच हातात असल्यामुळे ऐन सुगीत त्यांची यंत्रं उभी राहत होती. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि शेती यंत्रांच्या कंपन्यांना सुटे भाग, साधनं आणि माहिती शेतकऱ्याला व स्वतंत्र मिस्त्रीला द्यायला लावली. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं आणि वाहनं दोन्ही आहेत. पण पोर्टलवर कंपन्यांनी आपणहून माहिती टाकणं वेगळं आणि कायद्याने ती द्यावीच लागणं वेगळं. विजेच्या मालवाहू गाड्यांपुरता तरी हा हक्क सक्तीचा व्हायला हवा. बिघाडाचा कोड साध्या, स्वस्त यंत्रावर वाचता आला पाहिजे आणि सुटे भाग स्वतंत्र गॅरेजलाही मिळाले पाहिजेत.

एक गोष्ट मला विशेष खटकते. काही इलेक्ट्रिक तीनचाकींच्या कर्जांत हप्ता थकला की गाडी दुरूनच बंद करण्याची सोय ठेवलेली असते. कर्जदाराने हप्ता भरावा हे मान्य. पण माल भरलेली, रस्त्यावरची, एखाद्या वेळी रुग्णाला घेऊन निघालेली गाडी दूरच्या ऑफिसातून थांबवता येणं मला मान्य नाही. अशा अटी कर्जाच्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत असल्या पाहिजेत. वसुलीसाठी कायद्याचे मार्ग आहेत, ते वापरावेत.

आता हौद्याचा मुद्दा. छोट्या गाडीचा खरा कस तिच्या मागच्या अंगात आहे. कापूस हलका पण फुगीर. साडेसातशे किलो कापसाला उंच जाळी लागते. पाण्याचं उलटं आहे. हजार लिटर म्हणजे एक टन, म्हणून या गाडीत सातशे लिटरच्या वर टाकी नेऊ नये आणि टाकीला आत आडवे पडदे हवेत, नाहीतर वळणावर पाणी हिंदकळून गाडी कलते. उसाच्या रोपांच्या ट्रेला मांडण्या हव्यात, शेळ्यांना हवेशीर कठडा, दुधाच्या कॅनला खाचा. एकाच मालकाला वर्षात यातल्या तीन-चार गोष्टी लागतात. आपल्या गावातले फॅब्रिकेशनवाले हे सगळं बनवू शकतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून, दुचाकीसारख्या किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. कौतुक झालं, पण तशी गाडी रस्त्यावर आणायला परवानगी मिळत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट झालं.

अडचण कायद्यात आहे आणि कायद्याचा हेतू चांगला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला वाटेल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. वजनाचा तोल बिघडवणारं जोडकाम माणसं मारतं, म्हणून हा नियम हवाच. पण त्याच चौकटीत स्लेटसारखी वाट काढता येते. कंपनीने चासीवर ठरावीक जागी बोल्टची भोकं द्यावीत, कुठल्या भोकावर किती भार चालेल ते छापावं आणि जाळी, टाकी, मांडणी, कठडा यांचे नकाशे आधीच मंजूर करून घ्यावेत. त्या नकाशाबरहुकूम माजलगावच्या वेल्डरने बनवलेला हौदा आरटीओत पुन्हा पासिंग न करता चालावा. कारागिराला काम मिळेल, मालकाला एका गाडीत चार धंदे करता येतील आणि सुरक्षिततेला धक्काही लागणार नाही.

साधेपणाच्या नावाखाली काय कापू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ब्रेक, सीटबेल्ट, हेडलाइट आणि बॅटरीची सुरक्षा यांत कसलीही काटकसर नको. स्लेटमध्येही चालकासमोर एक छोटा स्क्रीन आहे, कारण मागचा कॅमेरा तिथल्या कायद्याने सक्तीचा आहे. बॅटरीचा डबा सीलबंदच राहावा. त्यातला विजेचा दाब जीव घेऊ शकतो आणि तो उघडायचा अधिकार प्रशिक्षित माणसालाच हवा. चालकाच्या अंगाचाही विचार हवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, छोट्या गाड्या त्यात नाहीत. वैशाखात चाळिशीपार तापमानात दिवसभर केबिनमध्ये बसणाऱ्याला निदान एसी नंतर बसवता येईल अशी जागा आणि जोडणी मिळायला हवी. गोंडस स्क्रीनचे पैसे तिकडे वळवावेत.

सरकारी मदतीतही छोट्या गाडीकडे दुर्लक्ष होतं आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ट्रकांसाठी अनुदान आहे, पण ते साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. तीनचाकी मालवाहूंचाही त्या योजनेत समावेश झाला. मधली छोटी चारचाकी, जी तालुक्याच्या गावात सर्वांत जास्त कामाला येते, ती दोन्हींच्या फटीत राहिली. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात हलक्या मालवाहूंना प्रोत्साहन आहे, हे चांगलं आहे. त्यात एक अट वाढवावी, ती म्हणजे सरकारी पैसा घेणाऱ्या गाडीची दुरुस्तीची माहिती खुली असावी. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तो मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात सुरू व्हावा आणि आज डिझेलवर हात बसलेल्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग निघावेत. पंचवीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस नव्या गाडीसमोर निकामी ठरला, तर ते तालुक्याचं नुकसान आहे.

गाडी घ्यायला निघालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शोरूममध्ये रेंजचा आकडा ऐकून सही करू नका. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, ते लेखी घ्या. बंद पडली तर तंत्रज्ञ माजलगावात किती तासांत येणार, ते विचारा. कोणते भाग बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलले तर वॉरंटी टिकते, याची यादी मागा. दार, काच आणि हँडब्रेक बॅटरी पूर्ण उतरल्यावरही हाताने चालतात का, हे तिथेच करून बघा. कर्जाच्या कागदात गाडी दुरून बंद करण्याची अट आहे का, ते वाचून घ्या. दहा गिऱ्हाइकांनी हेच प्रश्न विचारले, तर विक्रेता ते कंपनीपर्यंत पोहोचवतो आणि कंपनीला उत्तर शोधावं लागतं. साधी, दणकट, गावात दुरुस्त होणारी विजेची गाडी बनवण्याचं ज्ञान पुण्यात आहे, फलटणला आहे आणि आपल्या गॅरेजांतही आहे. ज्या गाडीच्या कमाईवर घर चालतं, ती उघडण्याचा, सुधारण्याचा आणि चालू ठेवण्याचा हक्क हप्ता भरणाऱ्याच्या हातातच राहिला पाहिजे.